रशिया इतका पुढे होता, मग चंद्राच्या शर्यतीत मागे का पडला? (टेस्ट स्टँडवर आयुष्य गेलेल्या माणसाचं उत्तर)

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा आहे: पहिला उपग्रह रशियाचा, पहिला माणूस रशियाचा, पहिली बाई रशियाची, पहिला स्पेसवॉक रशियाचा, मग १९६९ मध्ये चंद्रावर अमेरिका कशी उतरली? त्यांचे मुख्य रॉकेट डिझायनर कोरोलेव्ह वारले म्हणून, पैसा कमी पडला म्हणून, की रशियन इंजिनियर त्या पातळीचे नव्हते म्हणून? आणि शेवटी एक छोटा प्रश्न, की रशियाच्या त्या पडलेल्या चंद्राच्या रॉकेटची, एन-वनची, उरलेली इंजिनं भंगारात गेली का. त्याचं उत्तर मजेशीर आहे, पण ते शेवटी.

आधी मी कोण ते सांगतो, म्हणजे माझं म्हणणं किती धरायचं ते तुम्हीच ठरवा. मी इतिहासवाला नाही. सुरुवातीला पंप आणि व्हॉल्व्ह, नंतर रॉकेटची लिक्विड इंजिनं, अशी मिळून तीसेक वर्षं टेस्टिंगमध्ये काढली. म्हणजे दुसऱ्याने डिझाइन केलेली वस्तू लोखंडाच्या सांगाड्याला बांधायची, पेटवायची, आणि ती कुठे फुटते ते बघायचं. त्यामुळे मी ही सगळी शर्यत टेस्ट स्टँडच्या खिडकीतून बघतो आणि माझं उत्तर त्या बाजूला झुकलेलं असणार. राजकारणाच्या अभ्यासकाला विचाराल तर तो वेगळं सांगेल आणि तेही चूक नसेल.

तर पहिली गोष्ट, प्रश्नच जरा वेगळा मांडायला हवा. "पुढे असलेला मागे कसा पडला" असं आपण म्हणतो तेव्हा एकच शर्यत होती असं धरून चालतो. तशी ती नव्हती, दोन वेगळ्या शर्यती होत्या आणि पहिली जिंकायला जे लागतं ते दुसरीत फारसं कामाचं नव्हतं.

पहिली शर्यत म्हणजे हातात आहे त्या रॉकेटने काय काय करता येतं. रशियाच्या हातात आर-सेव्हन होतं. ते मुळात अणुबॉम्ब अमेरिकेपर्यंत फेकायला बनवलेलं क्षेपणास्त्र, आणि त्यांचा बॉम्ब अवजड होता म्हणून रॉकेटही दांडगं करावं लागलं. अमेरिकेला बॉम्ब हलका करायला जमलं म्हणून त्यांची क्षेपणास्त्रं लहान राहिली. म्हणजे गंमत बघा, बॉम्बच्या बाबतीत जो मागे होता त्याच्याकडे अंतराळासाठी आयतंच मोठं रॉकेट आलं. ऑगस्ट १९५७ मध्ये आर-सेव्हनचं पहिलं यशस्वी उड्डाण झालं आणि ४ ऑक्टोबरला त्याच्यावरच स्पुटनिक गेला, ८३.६ किलोचा. खरं तर त्यांना आधी टनापेक्षा जड वैज्ञानिक उपग्रह पाठवायचा होता, तो वेळेत होईना, म्हणून कोरोलेव्हनी घाईघाईने एक साधा गोळा, दोन ट्रान्समीटर आणि चार अँटेना एवढ्यावर भागवलं. अमेरिकेने डिसेंबरमध्ये व्हॅनगार्ड उडवायचा प्रयत्न केला, त्यावरचा उपग्रह दीड किलोच्या आसपास, आणि रॉकेट जमिनीपासून हातभर उठून परत खाली बसलं आणि पेटलं, तेही टीव्हीवर. हा फरक हुशारीचा नव्हता, रॉकेटच्या आकाराचा होता.

त्यानंतर गागारिनपर्यंत आणि पुढे लिओनॉव्हच्या मार्च १९६५ च्या स्पेसवॉकपर्यंत सगळं त्याच आर-सेव्हनच्या कुटुंबावर चाललं. वर एक टप्पा वाढवा, कॅप्सूल बदला, की पुढचा विक्रम. ऑक्टोबर १९६४ मध्ये तर एकट्या माणसासाठी बनवलेल्या कॅप्सूलमध्ये तिघांना बसवलं, आणि जागा पुरेना म्हणून स्पेससूटच काढून टाकले. मी टेस्टिंगचा माणूस असल्यामुळे हे वाचताना आजही पोटात गोळा येतो. बातमी मोठी झाली, पण त्या उड्डाणाने चंद्रावर जायला लागणारी एकही गोष्ट शिकवली नाही. त्याच सुमाराला अमेरिका जेमिनी नावाच्या यानांच्या उड्डाणांत कंटाळवाणं काम करत होती, दोन यानं जवळ आणणं, एकमेकांना जोडणं, चौदा दिवस वर राहणं. पेपरात त्याचं एवढं कौतुक नाही झालं, पण चंद्रासाठी लागणारा गृहपाठ तोच होता.

आता दुसरी शर्यत. एप्रिल १९६१ मध्ये गागारिन जाऊन आला आणि आठवड्याभरात केनेडींनी उपाध्यक्ष जॉन्सनना चिठ्ठी लिहून विचारलं की रशियाला हरवता येईल असं अंतराळात काय आहे. त्यावर अमेरिकेचे रॉकेट डिझायनर फॉन ब्राउन यांनी जे कळवलं ते माझ्या मते या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात हुशार उत्तर आहे. त्यांचा मुद्दा असा, की छोट्या प्रयोगशाळा, चंद्राभोवती चक्कर वगैरे गोष्टींत रशिया आत्ताच्या रॉकेटवर आपल्याला गाठू शकतो, पण माणूस चंद्रावर उतरवून परत आणायचा तर त्यांच्या रॉकेटच्या दहापट कुवतीचं रॉकेट लागेल, ते त्यांच्याकडेही नाही आणि आपल्याकडेही नाही, म्हणजे दोघांनाही शून्यापासून सुरुवात. थोडक्यात, शेवटची रेघ इतकी लांब मारा की समोरच्याने आधी मिळवलेली आघाडी कामालाच येऊ नये. २५ मे १९६१ ला केनेडींनी काँग्रेससमोर घोषणा केली ती या हिशोबावर.

आणि रशियाने काय केलं? बराच काळ काहीच ठरवलं नाही. चंद्रावर माणूस उतरवायचा अधिकृत निर्णय ऑगस्ट १९६४ मध्ये झाला, म्हणजे सव्वातीन वर्षांनी, वरातीमागून घोडं. त्यातही उतरायचं काम कोरोलेव्हकडे आणि चंद्राभोवती चक्कर मारायचं काम चेलोमेय नावाच्या दुसऱ्याच डिझायनरकडे, वेगळं रॉकेट, वेगळं यान. आपल्याला वाटतं रशिया म्हणजे वरून एक हुकूम आणि सगळे कामाला, आणि अमेरिका म्हणजे खासगी कंपन्यांची मारामारी. या प्रकरणात उलटं होतं. अमेरिकेत नासा एकटी मालक आणि कंपन्या तिच्या ठेकेदार. रशियात चार-पाच डिझाइन ब्युरो, प्रत्येकाचा एकेक मुख्य डिझायनर, प्रत्येकाचा मंत्रालयात आपापला माणूस. (मधल्या काळात, सप्टेंबर १९६३ मध्ये, केनेडींनी युनोमध्ये चंद्रावर एकत्रच जाऊया असंही सुचवलं होतं. त्याचं काही झालं नाही. दोन महिन्यांनी, २१ नोव्हेंबरला, आपल्या थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं, रॉकेट अमेरिकेचं, पेलोड फ्रान्सचा, हेलिकॉप्टर आणि कॉम्प्युटर सोव्हिएत, आणि दुसऱ्याच दिवशी केनेडींचा खून झाला.)

इंजिनांकडे येतो, कारण खरं घोडं तिथे पेंड खातं.

मोठ्या इंजिनातली सगळ्यात छळणारी गोष्ट म्हणजे जळण अस्थिर होणं. कंबश्चन चेंबर म्हणजे एक डबा, त्यात एका टोकाला जाळीसारखा इंजेक्टर, त्यातून रॉकेल आणि लिक्विड ऑक्सिजन फवारलं जातं. हो, रॉकेलच, जास्त शुद्ध केलेलं एवढंच. आता ज्वालेत कुठेतरी दाब जरा वाढला की त्याची लाट चेंबरच्या भिंतीवर आपटून परत येते, त्यामुळे तिथलं जळण अजून वाढतं, लाट अजून मोठी होते, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत इंजेक्टर वितळून जातो. चेंबर जेवढा रुंद तेवढा हा त्रास जास्त. रशियाने यावर आर-सेव्हनमध्ये शहाणी पळवाट काढली होती, एक टर्बोपंप (इंधन आणि ऑक्सिजन जोराने आत ढकलणारा पंप) आणि त्याला चार लहान चेंबर. म्हणून त्याच कुटुंबातलं सोयूझ रॉकेट उडताना खालून बघितलं तर वीस मोठी नॉझल, म्हणजे ज्वाला बाहेर पडायची तोंडं, दिसतात, पण इंजिनं पाचच.

अमेरिकेने आपल्या चंद्राच्या रॉकेटसाठी, सॅटर्न-फाइव्हसाठी, एफ-वन नावाचं इंजिन घेतलं, एकच प्रचंड चेंबर, एका इंजिनाचा रेटा साधारण ६८० टन, सेकंदाला अडीच टनांहून जास्त इंधन आणि ऑक्सिजन गिळणारं. अपेक्षेप्रमाणे ते अस्थिर झालं आणि १९६२ मध्ये स्टँडवर इंजिनच्या इंजिन उद्ध्वस्त झालं. मग त्यांनी काय केलं, तर गणित करत बसले नाहीत, कारण त्या काळी त्याचं गणित धड कुणालाच येत नव्हतं. त्यांनी चालू इंजिनाच्या आत छोटा बॉम्ब फोडायला सुरुवात केली! मुद्दाम लाट उठवायची आणि ती आपोआप विरते का बघायचं. विरली नाही तर इंजेक्टरची भोकं बदला, त्यावर तांब्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्या बसवा, परत बांधा, परत बॉम्ब. पूर्ण आकाराच्या जवळपास २००० टेस्ट झाल्या. शेवटी अशी वेळ आली की बॉम्ब फोडला तरी सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत ज्वाला शांत. याला मी टेस्टिंग म्हणतो. इंजिन चाललं तर पास, ही टेस्ट नव्हे, आपण होऊन त्याच्या पायात पाय घातला आणि तरी ते पडलं नाही, तर पास.

रशियाकडे असं मोठं इंजिन बनवू शकणारा माणूस एकच होता, ग्लुश्को. पण त्याला आता लिक्विड ऑक्सिजन नको होतं, त्याला साठवता येणारी विषारी इंधनं हवी होती, जी एकमेकांना लागली की आपोआप पेटतात. इंजिनवाल्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं म्हणणं अगदीच अवाजवी नव्हतं, आपोआप पेटणारं इंधन असेल तर इग्निशनचे आणि अस्थिरतेचे त्रास बरेच कमी होतात. पण कोरोलेव्हना माणसं बसवायची होती. ऑक्टोबर १९६० मध्ये बायकोनूरच्या उड्डाणतळावर त्याच जातीच्या इंधनांचं एक क्षेपणास्त्र लाँच पॅडवरच पेटलं होतं, त्यात मार्शल नेदेलिनसकट कितीतरी माणसं जागच्या जागी जळून गेली. कोरोलेव्ह हटले नाहीत, ग्लुश्कोही हटला नाही. दोघंही स्टालिनच्या काळात तुरुंगात गेलेले, दोघांची ओळख तीस वर्षांची, आणि एका म्यानात दोन तलवारी. शेवटी कोरोलेव्ह गेले कुझ्नेत्सोव्ह नावाच्या विमानाच्या इंजिनवाल्याकडे. त्याला रॉकेट इंजिनांचा अनुभव नव्हता. सवयीचं होतं तेवढं केलं, मध्यम आकाराचं इंजिन, रेटा दीडशे टन. आणि मग हिशोब सरळ आहे, एवढं मोठं रॉकेट उचलायला अशी पुष्कळ इंजिनं लागणार.

एन-वन रॉकेट मूळ २४ इंजिनांचं होतं, ७५ टन वजन पृथ्वीच्या कक्षेत न्यायचं. मग चंद्राचा कार्यक्रम त्याच्या गळ्यात बांधला, एकाच उड्डाणात सगळं न्यायचं ठरलं आणि ९५ टन हवे झाले. तेव्हा पहिल्या टप्प्याच्या मध्ये सहा इंजिनं आणखी घातली, झाली ३०. एवढं करूनही वजन इतकं तंग, की चंद्रावर उतरणार फक्त एकच माणूस, तोही एका यानातून बाहेर येऊन स्पेसवॉक करत दुसऱ्या यानात जाणार. त्यांचं उतरायचं यान साडेपाच टनांच्या घरात, अमेरिकेचं पंधरा टन.

आता बरेच लोक इथेच थांबतात, "तीस इंजिनं, कशी चालणार" असं म्हणून. हे मला पटत नाही. हिशोब मांडून बघा, एकेक इंजिन शंभरात ९९ वेळा चालणारं असेल तर तीसच्या तीस चालायची शक्यता चौऱ्याहत्तर टक्क्यांच्या आसपास येते, पाच असतील तर पंच्याण्णव. भयंकर वाटतं, पण दोन-चार इंजिनं बंद पडली तरी रॉकेट जाईल अशी सोय केली की हिशोब फिरतो, आणि एन-वनमध्ये तशी सोय होती. एक इंजिन बंद पडलं की तोल जाऊ नये म्हणून समोरचं इंजिन बंद करणारी कोर्ड नावाची यंत्रणा होती. फाल्कन हेवीची २७ इंजिनं २०१८ मध्ये पहिल्याच उड्डाणात नीट चालली. तेव्हा दोष आकड्यात नव्हता. फाल्कनचं प्रत्येक इंजिन आधी जमिनीवर पेटवून बघितलेलं असतं, मग पूर्ण टप्पा पेटवून बघतात. एन-वनचं तसं नव्हतं, आणि माझ्या मते सगळं उत्तर या एका वाक्यात आहे.

कुझ्नेत्सोव्हच्या इंजिनातले काही व्हॉल्व्ह बारुदाच्या टिकलीने उघडायचे, एकदाच. म्हणजे एकदा पेटवलेलं इंजिन परत वापरता येत नाही. मग टेस्ट कशी करायची? फटाक्यासारखी. सहा इंजिनांच्या लॉटमधली दोन काढून जाळायची, ती चांगली निघाली की उरलेली चार चांगली असं मानून रॉकेटवर चढवायची. म्हणजे एन-वनच्या बुडाशी असलेलं एकही इंजिन त्याआधी कधी पेटलेलं नव्हतं. आणि तीस इंजिनांचा पूर्ण पहिला टप्पा जमिनीला बांधून पेटवायचा स्टँड तर बांधलाच नाही. कारण पैसा, वेळ, आणि रेल्वे. बायकोनूर समुद्रापासून लांब, सगळा माल रुळांवरून यायचा, आणि पहिला टप्पा बुडाला १७ मीटर रुंद. तो रेल्वेत बसणार कसा? म्हणून तो तुकड्यातुकड्यांनी आणून बायकोनूरलाच वेल्डिंग करून जोडायचा. म्हणजे स्टँड बांधायचा तर तोही तिथेच. सॅटर्नचा पहिला टप्पा दहा मीटर रुंद, न्यू ऑर्लीन्सला बनायचा, बोटीवर चढायचा, पाण्यातून मिसिसिपी राज्यातल्या टेस्ट स्टँडला जायचा, तिथे पाचही इंजिनं पूर्ण वेळ पेटवायची, आणि परत बोटीनेच फ्लोरिडाला. सुरुवातीचे टप्पे हंट्सव्हिलला असेच पेटवले. पाण्याचा रस्ता असणं ही किती मोठी गोष्ट आहे हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

पूर्ण टप्पा पेटवून बघण्यात एवढं काय, सुटी इंजिनं तर पेटवली होती ना, असा प्रश्न तुमच्यासारख्या शिकणाऱ्या माणसाला पडणार. मलाही पडायचा. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत आमच्याकडे एक छोटा सेटअप होता, पंप वेगळा टेस्ट झालेला, व्हॉल्व्ह वेगळा टेस्ट झालेला, पाइपची हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची टेस्ट) झालेली, सगळे कागद हिरवे. शेड्यूल मागे पडलं होतं म्हणून वरच्या साहेबांनी जोडलेल्या सिस्टिमची लहान टेस्ट गाळली आणि सरळ मोठा रन घेतला. सातव्या सेकंदाला आवाज बदलला, म्हणजे भोंग्याच्या सुरात मध्येच पत्रा थरथरल्यासारखा, आणि मी स्टॉपचं बटण दाबेपर्यंत बर्फाने पांढऱ्या झालेल्या पाइपवर एक काळी रेघ उमटली. वेल्डला चीर. नंतर कळलं की पाइपला आधार देणारा एक ब्रॅकेट पंपाच्या फेऱ्यांशी जुळून थरथरत होता. पंपाचा दोष नाही, पाइपचा नाही, ब्रॅकेटचाही नाही, तिघं एकत्र आले तेव्हा तो दोष जन्माला आला. जोडल्याशिवाय तो सापडणारच नव्हता. एवढाल्या आमच्या सेटअपचं हे, तर तीस इंजिनं, तीस जोड टर्बोपंप, त्यांच्या मधल्या शेकडो नळ्या आणि वायरी एकदम पेटल्यावर आत काय होतं हे कागदावर कोण सांगणार.

एन-वन चार वेळा उडालं आणि बहुतेक वेळा दोष असेच एकत्र आल्यावरचे निघाले. २१ फेब्रुवारी १९६९ ला कोर्डने सुरुवातीलाच दोन चांगली इंजिनं बंद केली, मग थरथरीने नळ्या तुटून शेपटाशी आग लागली आणि ६९ व्या सेकंदाच्या आसपास सगळीच इंजिनं बंद. ३ जुलैला, म्हणजे अपोलो-११ निघायच्या तेरा दिवस आधी, रॉकेट उचललं जातानाच एका इंजिनाचा ऑक्सिजन पंप फुटला, कोर्डने एक सोडून सगळी इंजिनं बंद केली आणि इंधनाने गच्च भरलेलं रॉकेट कलंडून पॅडवरच परत आलं. पॅड संपला. १९७१ मध्ये रॉकेट स्वतःभोवती गिरकी घ्यायला लागलं ते थांबेना. नोव्हेंबर १९७२ मध्ये मात्र अगदी तोंडाशी आलं होतं, पहिल्या टप्प्याचं काम संपायला सातेक सेकंद उरले होते, ठरल्याप्रमाणे मधली सहा इंजिनं बंद केली आणि त्या झटक्याने नळ्या फुटल्या. खरं तर ही चारही उड्डाणं म्हणजे न बांधलेल्या स्टँडवरच्या चार टेस्ट होत्या, फक्त प्रत्येक टेस्टला एक अख्खं रॉकेट जळत होतं आणि पुढच्या टेस्टला कित्येक महिने, कधी दोन वर्षं लागत होती.

कोरोलेव्ह जगले असते तर? तुमच्यासारखं पुष्कळजण विचारतात. १४ जानेवारी १९६६ ला ऑपरेशन टेबलावर ते गेले आणि त्यांच्या जागी आलेल्या मिशिनमध्ये ती धमक नव्हती हे खरं आहे. लोकांना ओढत नेणं, क्रुश्चेव्हला पटवणं, भांडण मिटवणं यात कोरोलेव्हला तोड नव्हती. पण स्टँड न बांधायचा निर्णय मिशिनचा नाही, खुद्द कोरोलेव्हचा आहे. त्यांचा टेस्टिंगचा प्रमुख होता लिओनिद व्होस्क्रेसेन्स्की, जर्मनांच्या व्ही-टू रॉकेटच्या काळापासून रॉकेटं उडवलेला माणूस. तो स्टँडसाठी भांडला, कोरोलेव्हनी ऐकलं नाही. व्होस्क्रेसेन्स्की डिसेंबर १९६५ मध्ये गेला, कोरोलेव्हच्या महिनाभर आधी. चंद्रावरच्या एका विवराला त्याचं नाव आहे. माझ्यासाठी या सगळ्या गोष्टीतला हिरो तोच, अर्थात मी पडलो त्याच धंद्यातला. म्हणून मला वाटतं, कोरोलेव्ह जगते तर एन-वन कदाचित सहाव्या-सातव्या उड्डाणात चाललं असतं आणि १९७४ मध्ये कार्यक्रम गुंडाळला गेला नसता, पण १९६९ च्या जुलैत आर्मस्ट्राँगच्या आधी कुणी उतरलं असतं असं नाही.

अमेरिकेचं सगळं बरोबर होतं असंही समजू नका. जानेवारी १९६७ मध्ये जमिनीवरच्या एका साध्या सरावात अपोलो-१ च्या तीन अंतराळवीरांचा कॅप्सूलमध्ये आग लागून मृत्यू झाला, आत शुद्ध ऑक्सिजन, तोही दाबाखाली, आणि आत उघडणारं दार. आणि टेस्टसुद्धा खोटं बोलते याचं माझं आवडतं उदाहरण सॅटर्नचंच आहे. एप्रिल १९६८ मध्ये अपोलो-६ च्या उड्डाणात दुसऱ्या टप्प्याची दोन इंजिनं मध्येच बंद पडली. त्यातल्या पहिल्यात बोटभर जाडीच्या एका नळीचा लवचिक घड्यांचा भाग, ज्याला आम्ही बेलोज म्हणतो, तो तुटला होता. जमिनीवर ही नळी कितीतरी वेळा पास झालेली. मग कळलं, की आतून लिक्विड हायड्रोजन वाहताना जमिनीवर त्या नळीवर हवेतलंच दव गोठतं, हवा सुद्धा तिथे द्रव होते, आणि ते आवरण नळीला थरथरू देत नाही. वर अंतराळात हवाच नाही, आवरण नाही, नळी मोकळी थरथरली आणि तुटली. त्यांनी निर्वात चेंबरमध्ये तीच टेस्ट केली आणि नळी तिथेही तुटली, मग घड्या काढून साधी वाकवलेली नळी टाकली. त्याच रॉकेटच्या पुढच्याच उड्डाणात, डिसेंबर १९६८ मध्ये, तीन माणसं थेट चंद्राभोवती. एवढा विश्वास कशावर टाकला? टेस्टच्या ढिगावर. पण तो ढीग फुकट येत नाही, १९६६ मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय बजेटातले शंभरातले चार डॉलर आणि वर नासाकडे जात होते. म्हणून पैशाचं तुमचं कारण चूक नाही, पैसा कमी पडला म्हणजे नेमकं काय कमी पडलं एवढंच मी सांगतोय. स्टँड कमी पडला.

काय कशावर अवलंबून आहे तेही बोलून टाकतो. निर्णय १९६१ मध्ये झाला असता तर स्टँडला वेळ मिळाला असता. ग्लुश्को आणि कोरोलेव्ह एकत्र राहिले असते तर मोठं इंजिन मिळालं असतं, कदाचित. लष्कराला एन-वनमध्ये रस असता तर पैसा आला असता, पण एवढं मोठं, गारठवून भरायला वेळ घेणारं रॉकेट लष्कराला कशाला हवं. तुम्ही यातलं कुठलं कारण "मुख्य" धरता हे तुम्ही कुठल्या खिडकीत उभे आहात त्यावर ठरतं. इंजिनियर कमी पडले हे तेवढं मात्र मी मान्य करणार नाही, आणि त्याचा पुरावा तुमच्या शेवटच्या प्रश्नात आहे.

उरलेल्या इंजिनांचं काय झालं. दरम्यान कुझ्नेत्सोव्हनी इंजिन सुधारलं होतं, एनके-थर्टीथ्री, हे परत परत पेटवता येणारं, म्हणजे ज्या रॉकेटवर बसवायचं तेच इंजिन आधी टेस्ट करता येणारं. त्यात टर्बाइन फिरवणारा गरम, ऑक्सिजनने भरलेला वायू बाहेर न सोडता परत चेंबरमध्येच जाळतात. तापलेला ऑक्सिजन म्हणजे स्टीलसुद्धा लाकडासारखं पेटतं, म्हणून अमेरिकन लोक या वाटेला गेलेच नव्हते. ही इंजिनं पाचव्या एन-वनवर बसणार होती. पण १९७४ मध्ये मिशिनना काढून सगळ्या कार्यक्रमावर कोण आलं, तर ग्लुश्को, आणि त्याने एन-वन बंद केलं. रॉकेटं तोडली, टाक्यांचे अर्धगोल बायकोनूरला शेडची छपरं म्हणून वापरले गेले. इंजिनंही नष्ट करा असा हुकूम आला, तो कुझ्नेत्सोव्हनी पाळला नाही, कितीतरी इंजिनं गोदामात झाकून ठेवली. नव्वदच्या दशकात अमेरिकन इंजिनियरांनी ती बघितली, आकडे ऐकून आधी विश्वास बसेना, मग टेस्ट केली आणि तीसेक इंजिनं विकतच घेतली. २०१३ पासून ती अँटेरीस नावाच्या अमेरिकन रॉकेटखाली उडायला लागली, स्पेस स्टेशनला सामान पोचवायला, म्हणजे चंद्रासाठी बनवलेली सोव्हिएत इंजिनं चाळीस वर्षांनी व्हर्जिनियातून. चार उड्डाणं नीट झाली. पाचव्या वेळी, २८ ऑक्टोबर २०१४ ला, पंधराव्या सेकंदाच्या आसपास रॉकेट थांबल्यासारखं झालं आणि पॅडशेजारी येऊन पडलं. फुटला होता इंजिनाचा ऑक्सिजन पंप.